एका बंद दिवसाचे दोन जोड

सोमवार, ३

विम्याच्या माणसाने फोनवर सांगितले की काय बंद आहे, किती वेळ बंद आहे आणि त्याचे नुकसान किती, हे रोजच्या रोज लिहून ठेवा. त्याच्यासाठी लांब वही केली आहे, तक्ते आखून. ही दुसरी वही माझी. तक्त्यात जे बसत नाही ते इथे.

झाले ते असे. मी नेहमीप्रमाणे आठ वाजून पाच मिनिटांनी कारखाना उघडला. दिवे लावले, माझ्या टेबलावरचा संगणक सुरू केला. तो सुरू होताना एक करडी चौकट मध्येच उपटते, ती बंद केली. मग पत्रे पाहिली. नऊ वाजता माझे मोठे भाऊ, दादा, आले आणि साच्याचे यंत्र सुरू होईना. साडेनऊला संगणकाचे काम बघणारी भाची आली, तिने मागच्या खोलीत जाऊन मुख्य संगणकाला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. आतून टक् टक् आवाज येत होता. दारावर कुणी नख मारावे तसा.

आमचा कारखाना बुटांचा. पण दुकानात मिळतात त्या बुटांचा नाही. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांच्या टाचेला जखम, ज्यांची बोटे वळलेली, अशांचे बूट. पायाचे माप संगणकात, त्यावरून यंत्र फोमचा साचा कापते, साच्यावर दादा कातडे ओढतात. अठराशे चाळीस माणसांचे पाय त्या टक् टक् करणाऱ्या पेटीत आहेत.

घाबरण्याचे कारण नाही. मी रोज संध्याकाळी नकलेची, म्हणजे बॅकअपची, डिस्क काढते, दुसरी लावते, काढलेली कपाटात कुलूपबंद करते आणि नोंदवहीत खूण करते. इतकी वर्षे एकही खूण चुकलेली नाही. उद्या डिस्कवाला येईल, नक्कल चढवेल, संपले.

रुग्णालयाचे एकेचाळीस जोड अठ्ठावीस तारखेला द्यायचे आहेत. दिवसाला दोन जोड होतात. हातात तेवीस दिवस, लागतात साडेवीस. म्हणजे अडीच दिवसांची सवड. त्यातला एक आज गेला.

मंगळवार, ४

नक्कल नाही.

डिस्कवाला तरुण आहे, बोलतो हळू, जणू आजाऱ्याच्या उशाशी बसला आहे. त्याने नकलेच्या दोन्ही डिस्क तपासल्या. दोन्ही रिकाम्या. अकरा महिन्यांपूर्वी संगणक बदलला तेव्हा दोन्ही पुसून नव्याने तयार केल्या, पण नक्कल कुठून घ्यायची तो जुना पत्ता तसाच राहिला आणि त्यानंतर एकही नक्कल झाली नाही. मी अकरा महिने रिकाम्या डिस्क इमानेइतबारे कुलपात ठेवत होते.

"पण सूचना येत असणार," तो म्हणाला. "रोज सकाळी. नक्कल झाली नाही म्हणून. ती कोण बंद करायचं?"

सगळे उभे होते. दादा, कातडे चिकटवणारे चिकटवाले, तळ बसवणारे तळवाले, शिवणकाम करणाऱ्या ताई. दादांनी माझ्याकडे पाहिले. का ते कळले नाही. मग भाची म्हणाली, "मी."

निदान कबूल तरी केले. मी रोज सकाळी पहिली येते, मला तर कधी अशी सूचना दिसली नाही. तिच्या खोलीतल्या पडद्यावर येत असणार. मी सर्वांसमोर बोलले नाही, पण नंतर तिला आत बोलावून बोलले. शिकलेल्या मुलीने समोर आलेले वाचू नये? ती मान खाली घालून म्हणाली, "चुकलं, आत्या." मी म्हटले, चुकले म्हणून डिस्क परत फिरत नाही.

गेल्या वर्षी तिने एक बाहेरची नक्कल-सेवा घ्यायचे सुचवले होते. मी नको म्हटले होते. खर्च फार, आणि आपली पद्धत चोख आहे, असे कारण दिले होते. ते या वहीत लिहून ठेवते, कारण दुसऱ्या वहीत त्याला रकाना नाही.

डिस्कवाला पेटी घेऊन गेला. आत काय वाचते आहे हे कळायला सहा दिवस. पूर्ण काम तीन आठवडे. खात्री नाही.

बुधवार, ५

आज नुकसान मोजायला बसले. विम्याच्या माणसाने नमुना पाठवला आहे: पगार भागिले तास, भाडे भागिले तास, वीज. तसे काढले तर आकडा इतका लहान येतो की हसू यावे. जणू कारखाना बंद पडला काय आणि चालू राहिला काय, दिव्याचे बिल तेवढेच.

म्हणून मी जोडांत मोजते. आमचा दिवस म्हणजे दोन जोड. चार तास बंद म्हणजे एक जोड गेला. तो एक जोड कुणाच्या तरी पायात नाही. हे मला कळते. विम्याच्या माणसाला रकमेत करून देईन.

नेमके कोण किती वेळ रिकामे आहे हे कळावे म्हणून प्रत्येकाला अर्ध्या अर्ध्या तासाचा कागद दिला. काय केले ते लिहायचे. कुरकुर झाली. चिकटवाले ताईंना म्हणाले, "आता शिंकलो तरी लिहायचं काय हो?" ताई म्हणाल्या, "दोनदा शिंकलात तर दोन ओळी लिहा."

संध्याकाळी कागद गोळा केले. तळवाल्यांचा: ९ ते ९.३० चहा. ९.३० ते १२ बहिणीकडे. २ ते ४ बहिणीकडे. चिकटवाल्यांचा: १० ते १२ तळवाल्यांच्या बहिणीकडे. ताईंचा: ३ ते ५ तळवाल्यांच्या बहिणीकडे. आणि दादा! दादांनी कागदावर फक्त "बाहेर" लिहिले आहे.

त्या बाईकडे लग्न आहे की बाई आजारी आहे? कारखान्यावर ही वेळ आणि सगळे तिच्याकडे पाहुणचाराला? उद्या विचारणार.

रुग्णालयाच्या मुख्य बाईंना फोन केला. स्वभावाने बऱ्या आहेत, पण स्पष्ट बोलतात. म्हणाल्या, "अठ्ठावीसला माल आला नाही तर पुढच्या वर्षाचं काम मोठ्या कंपनीकडे जाईल. माझ्या हातात नाही ते." ते काम म्हणजे आमचे अर्धे काम. ते गेले तर नऊ माणसांतली चार घरी. त्यात शिवणाऱ्या ताई पहिल्या, कारण त्या सर्वांत नव्या. मी हे कुणाला सांगितले नाही. सांगावे लागत नसावे. ताई आज शिवायला काहीच नसताना यंत्राला तेल देत होत्या.

गुरुवार, ६

सकाळी नऊ वाजता तळवाल्यांना बोलावले. "तुमच्या बहिणीचं काय आहे?"

ते दादांकडे पाहू लागले. दादा म्हणाले, "चल, तुलाच दाखवतो. पण आधी सांगतो, ओरडायचं ते इथेच ओरडून घे. तिकडे शेजारी आहेत."

दोन गल्ल्या सोडून तळवाल्यांच्या बहिणीचे घर. मागे मोटार ठेवायची खोली, मोटार नाही. तळवाल्यांनी शटर वर केले.

पाय. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे पाय, जोडीजोडीने, सुतळीने बांधलेले. प्रत्येकाच्या तळव्यावर दादांच्या अक्षरात पेन्सिलीने नाव आणि तारीख.

तीन वर्षांपूर्वी नवे यंत्र आले तेव्हा मी सांगितले होते की संगणकात मापे आहेत, हे सगळे फेकून द्या, जागा मोकळी करा. टेम्पो भरून गेला तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तो कुठे गेला ते मात्र पाहिले नव्हते.

"तीन वर्षं?" मी म्हटले.

"तीन वर्षं आणि दोन महिने," तळवाले म्हणाले. "बहीण म्हणते, भाडं नको, पण एकदा तरी बाईंना सांगा. रात्री भांडं घ्यायला खोलीत येते तर पाय बघून घाबरते."

दादा म्हणाले, "छकुले, कुणाचा पाय असा फेकून देता येत नाही गं."

चारचौघांत छकुले. वय वर्षे एकसष्ट. ओरडायचे कारखान्यात ठरले होते आणि तिथे पोचेपर्यंत माझ्या डोक्यात बेरीज सुरू झाली होती.

एकेचाळीसपैकी एकोणतीस जुनी माणसे आहेत, त्यांचे पाय या खोलीत आहेत. दादांनी तीन दिवसांत एकूण एक शोधून काढले होते, म्हणून तर "बाहेर". बारा नवी, ती फक्त डिस्कवर. पाय बदलतात हे खरे. पण दादा म्हणतात, एकदा घालून पाहायला बोलवू, कमीजास्त करता येते. यंत्राशिवाय हाताने साचा घडवायचा तर दिवसाला दीड जोड. आजपासून सुरू.

अर्ध्या तासाचे कागद बंद केले. चिकटवाले म्हणाले, "अरेरे, आत्ता कुठे मला लिहायची गोडी लागली होती."

शनिवार, ८

साडेचार जोडांचे साचे तयार. दादांची पाठ दुखते, बोलत नाहीत, पण उठताना टेबलाला हात लावतात. तीन वर्षे यंत्रापाशी उभे राहणारे हात पुन्हा पटाशी धरू लागले आहेत. भाची त्यांच्या शेजारी उभी राहून प्लास्टरचे पाय मापून वहीत लिहिते आहे, मी विचारले कशाला, तर म्हणाली, "असू दे, आत्या." मापण्यात चूक नाही. अक्षर मात्र कोंबडीचे पाय.

बाराजणांना फोन केले. त्यातले एक टपालवाले आहेत. पायाला जखम होती, ती भरली, पण बूट आल्याशिवाय चालायचे नाही अशी डॉक्टरांची ताकीद. तोवर खुर्चीत बसून पत्रे निवडतात.

"म्हणजे तुमच्याकडून माझा पाय हरवला?" त्यांनी विचारले.

"माप हरवलं. सापडण्याची शक्यता आहे."

"बघा बुवा. माझ्या वाटेवरच्या लोकांना हल्ली पत्रं दुपारी मिळतात. शिव्या मला देतात. मी म्हणणार, बूटवाल्या बाईंना द्या."

फोन ठेवल्यावर लांब वही उघडली. टपालवाल्यांचा खुर्चीतला दिवस कोणत्या रकान्यात लिहायचा? त्यांच्या वाटेवरचा उशीर? विम्याच्या नमुन्यात नाही. मी समासात लिहून ठेवले.

मंगळवार, ११

डिस्कवाल्याचा अहवाल. चकतीवर ओरखडा आहे, पण बहुतेक मजकूर निघेल. दहातले आठ-नऊ भाग, असे तो म्हणतो. शुल्क आमच्या एकोणीस जोडांएवढे. अर्धे आधी.

दादा म्हणाले, "एकोणीस जोड म्हणजे दहा दिवस फुकट राबायचं. पाय आहेत ना आपल्याकडे?"

मी गणित मांडले. तेही इथे लिहिते, कारण मला त्याचा अभिमान वाटतो. अठराशे चाळीस माणसे पुन्हा मापायची तर माणशी दीड तास. सत्तावीसशे साठ तास. आठ तासांचा दिवस धरला तर तीनशे पंचेचाळीस दिवस, म्हणजे एका माणसाचे वर्षाहून अधिक काम, जेव्हा तो दुसरे काहीच करणार नाही. शिवाय पुन्हा बोलावलेले सगळे येतात थोडेच! ज्याला चालायला त्रास आहे त्यालाच दोनदा चालत या म्हणायचे. याच्यापुढे एकोणीस जोड स्वस्त.

दादांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "बंद दिवस महाग आहे हे माहीत होतं. इतका, हे नव्हतं माहीत."

भाचीने एकच गोष्ट विचारली, डिस्कवाल्याला: "सगळं एकदम नको. आधी गेल्या तीन वर्षांचा भाग काढाल? जुन्यांचे पाय आमच्याकडे आहेत." तो म्हणाला, होईल, आठ दिवसांत. मला हे सुचायला हवे होते. मी तसे तिला म्हटलेसुद्धा. ती लाजली. चांगली मुलगी आहे. त्या चौकटीचे तेवढे सोडले तर.

शुक्रवार, १४

ताईंनी आज तीन जोड शिवले, साचे दीडच जोडांचे तयार होत असताना. कसे, असे विचारले. गेल्या आठवड्यापासून त्या घरी कातड्याचे वरचे भाग कापून आणत आहेत, म्हणजे साचा आला की थांबायला नको. "न विचारता?" मी म्हटले. त्या म्हणाल्या, "विचारलं असतं तर कागद भरावा लागला असता, बाई."

या कारखान्यात माझ्याखेरीज सगळे मनाचे राजे आहेत असे दिसते. आणि तरीही काम पुढे जाते आहे. किंवा म्हणूनच. हे मला नीट कळलेले नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी आत आले तशी कुणीतरी म्हणाले, "घड्याळ आलं." सगळे आपापल्या डब्यात बघू लागले. भिंतीवर पाहिले. घड्याळ होते तिथेच होते.

बुधवार, १९

अठरा जोड तयार. आणि दुपारी डिस्कवाला स्वतः आला, हातात छोटी डबी. तीन वर्षांचा सगळा मजकूर. बाराच्या बारा सापडले. भाचीने टपालवाल्यांचा पाय पडद्यावर उघडला, निळा, हळूहळू फिरणारा. तळवाले म्हणाले, "हाच का तो? हरवलेला?" आणि सगळे हसले, दादासुद्धा, पाठीवर हात ठेवून.

साडेचारला यंत्राने पहिला साचा कापायला घेतला. मी दाराशी उभी राहिले. इतकी वर्षे मला त्या यंत्राचा आवाज त्रासदायक वाटे.

गुरुवार, २०

डिस्कवाल्याने विम्यासाठी सविस्तर अहवाल दिला आहे, चौतीस पाने. भाची म्हणाली, "आत्या, पहिली चारच पाठव. बाकी नुसते आकडे आहेत." मी न वाचलेला कागद कुठेही पाठवत नाही, हे तिला ठाऊक असायला हवे.

पान एकतीस. नकलेच्या सूचनांची यादी. तारीख, दाखवली केव्हा, बंद केली केव्हा.

दाखवली ८.११, बंद केली ८.११.
दाखवली ८.१०, बंद केली ८.१०.
दाखवली ८.१२, बंद केली ८.१२.

दोनशे शहाऐंशी ओळी. भाची साडेनऊशिवाय येत नाही. त्यावरून मी तिला किती वेळा बोलले आहे ते मोजायला दुसरी यादी लागेल.

करडी चौकट. रोज. मी तिला जाहिरात समजत होते. एकदाही वाचली नाही. दोनशे शहाऐंशी वेळा. आणि संध्याकाळी खूण, त्याच हाताने.

भाचीला बोलावले, दार लावले, पान पुढे केले.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तू सकाळी चौकट बंद करतेस ते मी एकदा लवकर आले होते तेव्हा पाहिलं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं मी. घाबरले."

"मग 'मी' का म्हणालीस?"

ती पेन्सिलीशी खेळत राहिली. "सगळे तुझ्याकडे बघत होते, आत्या. तेवीस दिवसांत एकेचाळीस जोड कुणी बसवायचे होते? तू खचली असतीस तर आम्ही घड्याळ कुठून आणलं असतं?"

"घड्याळ?"

तिने जीभ चावली.

"घड्याळ म्हणजे मी?"

"प्रेमानं म्हणतात गं," ती म्हणाली. "बहुतेक वेळा."

मी तिला बोलले होते त्याबद्दल माफी मागितली. मला ते नीट जमले नाही. मध्येच मी तिच्या अक्षराविषयी काहीतरी म्हटले. पण तिने ती माफीच धरली. दादांना त्या पहिल्या दिवशीच माहीत होते, असेही कळले. म्हणजे सगळ्यांनाच. माझ्याखेरीज.

शनिवार, २२

विम्याच्या माणसाला पूर्ण हिशोब पाठवला. पूर्ण बंद, तीन दिवस: सहा जोड. हातकामाचे बारा दिवस, रोज अर्धा जोड कमी: सहा जोड. डिस्कवाला: एकोणीस जोड. एकूण एकतीस, रकमेत मांडून. समासातले टपालवाले वेगळ्या कागदावर. शेवटी वजाबाकीही लिहिली: तळवाल्यांच्या बहिणीकडच्या पायांमुळे वाचलेले अठरा जोड. त्यासाठी नमुन्यात ओळ नव्हती, मी आखली.

कारणाच्या रकान्यात लिहिले: सूचना रोज येत होती, ती मी न वाचता बंद करत होते. खाली सही.

त्याचा लगेच फोन. "बाई, असं लिहिलंत तर मला अर्धंच मंजूर करता येईल. 'यांत्रिक बिघाड' लिहा ना."

"बिघाड यांत्रिक होता. नुकसान माझं होतं," मी म्हटले. "अर्धं द्या."

चहाच्या वेळी हाच कागद सर्वांना वाचून दाखवला. चिकटवाले म्हणाले, "बाई, तुम्ही तुमचा अर्ध्या तासाचा कागद भरला नव्हतात त्या दिवशी. आता आम्हाला कळलं, का ते." ताईंनी त्यांना कोपर मारले. मला हसू आले. मला वाटते ते त्यांना दिसलेही.

बुधवार, २६

सोमवारी तीस झाले होते, आज छत्तीस. यंत्र आणि दादा दोन्ही चालू असले की दिवसाला तीन होतात. दादांना म्हटले, हे आधीच का नाही केले? म्हणाले, "आधी तू मला बोलावलं कुठे? यंत्र आल्यावर मला बटण दाबायला उभं केलंस."

शुक्रवार, २८

एकेचाळीस.

शेवटचा जोड टपालवाल्यांचा. गोंद वाळायला दुपारचे दोन वाजले. चिकटवाले त्याच्याभोवती आजारी वासराभोवती फिरावे तसे फिरत होते. मी आणि भाची खोकी घेऊन रुग्णालयात साडेतीनला पोचलो. मुख्य बाईंनी मोजली. एक जोड काढून तळवा वाकवून पाहिला.

"यातले काही हातचे आहेत," त्या म्हणाल्या.

"एकोणतीस."

"दिसतंय. टाचेकडे बरे बसतात हे." त्यांनी पुढच्या वर्षाचा कागद काढला आणि एक अट पेन्सिलीने वाढवली: अवघड पायांसाठी साचे हाताने. तिथेच सही झाली.

टपालवाले बाकावर वाट पाहत बसले होते. बूट घातले, उभे राहिले, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले नाहीत. भाची म्हणाली, "गेले वाटतं." खिडकीतून पाहिले तर रस्त्यावरून चालले होते, दुकानांच्या पाट्या वाचत, काहीही घाई नसल्यासारखे.

शनिवार, २९

बाहेरची नक्कल-सेवा सुरू झाली. भाचीने काल बसवली. तळवाल्यांच्या बहिणीला खोलीचे भाडे लावून दिले, मागच्या तीन वर्षांसकट. ती म्हणाली, पैसे नकोत, खोलीत दिवा लावून द्या. दोन्ही देणार.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी संगणक सुरू केला. चौकट आली. हात आपोआप पुढे गेला, तो मी मांडीवर ठेवला. चष्मा लावला. वाचली. मग पुन्हा वाचली. मग भाचीला फोन केला.

"आत्या?" झोपेत होती. "काय झालं?"

"चौकट आली आहे. 'नक्कल पूर्ण झाली. काल रात्री, दोन वाजून चार मिनिटांनी. त्रुटी शून्य.' असं लिहिलं आहे."

"हो ना. मग बंद कर."

"नक्की?"

"आत्या, चांगली बातमी आहे ती. बंद कर आणि मला झोपू दे."

मी बंद केली नाही. ती आली तेव्हाही चौकट पडद्यावर तशीच होती. तिने ती वाचली, माझ्याकडे पाहिले, आणि मग आम्ही दोघींनी मिळून बंद केली. ती आज नऊ पंचवीसला आली होती. मी काही बोलले नाही.